करंगळीची खाच

भिंगरीने पेटी उघडली, फिडल उचलली, हनुवटीखाली धरली आणि डाव्या हाताची चार बोटं पट्टीवर ठेवली. गज अजून पेटीतच होता. पण बोटं टेकल्याबरोबर ती इतक्या मोठ्याने ओरडली की भिंतीवर टांगलेल्या, दुरुस्तीला आलेल्या फिडलींच्या तारा झणझणल्या.

"कुणी केलं हे?"

आत्या नेमकी त्याच क्षणी सही करायला पेनाचं टोपण काढत होती. ते तिच्या हातातून सुटलं आणि टेबलाखाली गेलं.

मास्तरांच्या, म्हणजे भिंगरीच्या काकांच्या, दुकानामागची ही खोली म्हणजे घराण्याचं कोर्टच. सरसाचा वास, व्हार्निशच्या बाटल्या, खिडकीखाली लांबलचक बाक आणि मधोमध हे टेबल. आत्याच्या आईच्या पश्चात घरातल्या वस्तूंची वाटणी झाली ती याच टेबलावर, आणि भिंगरीच्या वडिलांनी शिक्षण सोडून व्हॅन चालवायला घेतली तेव्हाची बोलणीही इथेच बसली होती. आज टेबलावर एक कागद होता आणि एक पितळी पाटी. कागदावर मास्तरांची सही झालेली, धाकट्याची, म्हणजे भिंगरीच्या वडिलांची, झालेली. तिसरी जागा तेवढी मोकळी. पाटीवर कोरलं होतं: 'याच फिडलीवर अण्णांनी चाळीस वर्षं हा हॉल नाचवला.'

कागदगिरणीच्या कामगारांचा हॉल पुढच्या महिन्यात शंभर वर्षांचा होत होता. तिथे काचेची पेटी बनवून तयार होती. तीन भावंडांनी सह्या केल्या की त्यांच्या वडिलांची, अण्णांची, फिडल त्या पेटीत जाणार, कुलूप लागणार, आणि पुढे कुणी वाजवणार नाही. भिंगरीला हे आज, इथे येऊन कळलं होतं. ती आली होती फिडल न्यायला. आठ दिवसांनी तिच्या चौघांच्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग होतं आणि त्यातली अर्धी गाणी अण्णांच्या चालींवर, याच फिडलीवर बसवलेली होती. काचेच्या पेटीची बातमी तिने ऐकली तेव्हा ती चिडली होती, पण ओरडली नव्हती. ओरडली ती आता.

"ओरडायला काय झालं?" मास्तर शांतपणे म्हणाले. दुसऱ्याचं रक्त खवळलं की मास्तर हमखास शांत होत, आणि त्यामुळे समोरच्याचं आणखी खवळे. "पट्टी साफ केलीय. रंधा फिरवला, पॉलिश पेपर मारला, तेल दिलं. आरशासारखी झालीय बघ."

"मी खुंटी सैल झाली म्हणून दिली होती, काका! खुंटी!"

"खुंटीही केलीय की."

"दात दुखतो म्हणून गेले आणि तुम्ही जीभ कापून हातात दिलीत!"

"भिंगरे, तोंड सांभाळ," धाकटा म्हणाला. सवयीने म्हणाला. तो सकाळपासून व्हॅन चालवून आला होता आणि त्याला एवढंच हवं होतं की ताईने सही करावी, चहा व्हावा आणि आपण घरी जावं. भिंगरीची आई दवाखान्यात ड्यूटीवर, म्हणून पोरीला आवरायचं कामही आज त्याच्याच गळ्यात.

"मी नाही सांभाळणार तोंड. पप्पा, हात लावून बघा. खाचा नाहीत. एकही नाही."

आत्याने टेबलाखालचं टोपण शोधायच्या निमित्ताने मान खाली घातली होती. ती तिने तशीच ठेवली.

खाचा म्हणजे काय हे त्या घरात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नसे. तार बोटाखाली दाबली जाते, पुन्हा दाबली जाते, वर्षानुवर्षं दाबली जाते, आणि पट्टीचं काळंभोर, टणक आबनूस लाकूडही शेवटी हार मानतं. जिथे बोट पडतं तिथे खळगा पडतो. अण्णांच्या फिडलीवर, सगळ्यांत बारीक तारेखाली, असे चार खळगे होते. तीन बोटांचे तीन. आणि चौथा करंगळीचा.

आता गंमत अशी, की अण्णांची डावी करंगळी गिरणीतल्या कागद दाबायच्या रुळाखाली सापडून कायमची आखडली होती. लग्नाच्याही आधी. ती कधी वाकली नाही, कधी तारेवर टेकली नाही. उलट त्याचंच तर नाव झालं होतं. 'तीन बोटांचा बादशहा' म्हणत अण्णांना. जिथे करंगळीने सूर घ्यायचा तिथे अण्णा शेजारचं बोट खालून वर घसरवत न्यायचे, आणि ती घसरण ऐकायला शनिवारी हॉल तुडुंब भरे. मास्तर गेली तीस वर्षं ती घसरण शिकवत होते. शिकायला आलेल्या पोराची करंगळी ते पहिल्याच दिवशी रबरबँडने तळहाताशी बांधून टाकत. बाकावर रबरबँडांचा एक डबाच असे. धडधाकट हातांची, दहा-दहा वर्षांची पोरं, एका माणसाचं बोट सत्तरहून जास्त वर्षांपूर्वी चेंगरलं म्हणून आपलं बोट बांधून बसत, आणि त्यांच्या आया बाहेर कौतुकाने थांबत. याला परंपरा म्हणायचं.

भिंगरीचीही करंगळी बांधली होती, ती आठ वर्षांची असताना. तिने दोन महिन्यांत चार रबरबँड तोडले आणि मास्तरांचा वर्ग सोडला. मग पियानो, मग मेंडोलिन, मग कुणाचा तरी जुना सॅक्सोफोन. सतराव्या वर्षी ती स्वतःच्या पायांनी फिडलीकडे परत आली, आणि अण्णा म्हणत तसं, 'वाजवेल त्याच्याकडे राहील', या न्यायाने तिघा भावंडांनी ती तिच्या स्वाधीन केली. तेव्हा मास्तरांनीही मान हलवली होती. त्यांना वाटलं होतं, पोरगी वळणावर आली. पोरगी आली ती जॅझ घेऊन.

"ऐक," मास्तर म्हणाले, "तुला वाईट वाटू नये म्हणून बोलणार नव्हतो. पण बोलायला लावतेस. ती चौथी खाच अण्णांची नव्हतीच. तू पाडलीस ती. वर्षभर त्या जॅझवाल्यांच्या तळघरात, धुरात, ढोल बडवणाऱ्यांच्या संगतीत, करंगळ्या आपटून आपटून. अण्णांची पट्टी नासवलीस. मी फक्त तुझी घाण काढली."

"मी पाडली?"

"मग कोणी? अण्णांना करंगळी होती का?"

"तोच तर प्रश्न आहे ना!" भिंगरीचा आवाज चिरकला. "मी तो वर्षभर सगळ्यांना विचारतेय! अण्णांची ती नाचायची चाल मी संथ करून पियानोच्या साथीवर बसवत होते. घसरणीने वाजवलं की खालचा सूरमेळ कसा गढूळ व्हायचा. मला तिथे एकच स्वच्छ सूर हवा होता. म्हणून करंगळी टेकवली, तर ती आपोआप खड्ड्यात बसली. कुणीतरी माझ्यासाठी जागा धरून ठेवल्यासारखी. माझ्या आधी तिथे कुणाचं तरी बोट होतं, काका. मी अंधारातसुद्धा ती खाच शोधून वाजवायचे. आठ दिवसांवर रेकॉर्डिंग आहे आणि तुम्ही..."

"एक ना धड भाराभर चिंध्या," मास्तर म्हणाले. "एका हातात मेंडोलिन, एका हातात सॅक्सोफोन, पायाखाली पियानो. सगळं थोडं थोडं येतं, म्हणून काहीच येत नाही. आणि वर अण्णांच्या चाली घेऊन त्यांची भेसळ करायची. नाचायची चाल ती! हिने ती रडायची करून टाकली. इतकी संथ, की माणसाला नाचता नाचता डुलकी लागावी."

"दादा, जाऊ दे ना आता," धाकटा म्हणाला. "झालं ते झालं. भिंगरे, तुला दुसरी घेऊ. मी आणि तुझी आई बघतो काहीतरी. ताई, तू सही कर आणि हा विषय संपव."

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "खरंच संपवा," ती म्हणाली. "तिकडे हॉलवाल्यांचे सारखे फोन. सकाळपासून यांचा जीव थाऱ्यावर नाही." या घरात काकूचा पक्ष नेहमी नवऱ्याचा, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. कोणी तिला कधी विचारलं नव्हतं, हा भाग वेगळा.

तिघं एका बाजूला आणि पोरगी एकटी. आत्या टोपण घेऊन वर आली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिने चौतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली होती, आणि मधे बोलायचं नाही हा त्या नोकरीचा पहिला नियम होता. तो तिच्या इतका अंगवळणी पडला होता की घरीही ती कुणाच्या मधे बोलत नसे. तिने कागद जवळ ओढला.

"आत्या," भिंगरी म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही. "तू सही करणार?"

"अगं, हॉलमध्ये राहील. लोक बघतील."

"तुला मी तीनदा विचारलं होतं. तुझ्या घरी येऊन. 'आत्या, अण्णांच्या आधी ही फिडल कुणाची होती? कुणाची करंगळी ही?' तू काय म्हणालीस आठवतं? 'असेल कुणाचीतरी.' तिन्ही वेळा. आणि तळघरात मी ती चाल वाजवली त्या दिवशी तू मागच्या खुर्चीवर बसून रडत होतीस. मी स्टेजवरून पाहिलं. मला वाटलं, तुला आवडली म्हणून रडतेस."

"आवडलीच होती."

"मग आता काका म्हणतायत मी नासवली, तर तू काहीच बोलत नाहीस. काका निदान समोरून रंधा मारतात, आत्या."

हे वाक्य आत्याला लागलं. जिव्हारी लागलं. एकाहत्तर वर्षांत तिला पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही म्हटलं होतं, पण भित्री कुणी म्हटलं नव्हतं, आणि पोरीनेही तो शब्द वापरला नव्हता. तरी तो खोलीत आला होता आणि सगळ्यांनी ऐकला होता.

तिने पेनाला टोपण लावलं.

"फिडल इकडे आण," ती म्हणाली.

भिंगरीने फिडल तिच्यासमोर ठेवली. आत्याने पट्टीवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. वरपासून खालपर्यंत काही म्हणजे काही नाही. चार दिवसांपूर्वीपर्यंत इथे तिची तेरा वर्षं होती. तेरा वर्षांच्या दुपारी. मास्तरांनी रंध्याच्या पाच-सात फटक्यांत त्यांचा भुसा करून केरात टाकला होता, आणि वर तेल लावलं होतं. तिला आलं ते दुःख नव्हतं, संताप होता. तिचं तिलाच नवल वाटलं. इतका संताप आपल्यात शिल्लक आहे हे तिला माहीत नव्हतं.

"मास्तर," ती म्हणाली. भावाला ती नावाने किंवा 'बाळ' म्हणून हाक मारी. मास्तर म्हणून तिने त्याला आजच हाक मारली. "किती वर्षं लाकडाचं काम करतोस?"

"आता ते काय मधेच?"

"किती?"

"पंचेचाळीस."

"आबनूस एका वर्षात झिजतं?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"मी तुला विचारतेय. पंचेचाळीस वर्षं तू आबनूस तासतोयस. रंध्याची पाती बोथट होतात त्याने. एका पोरीच्या करंगळीने ते वर्षात खणलं जातं?"

"जोरात दाबलं तर... शिवाय अण्णांची घसरण होतीच तिथे. घासून घासून..."

"घसरलं की लांब ओरखडा उठतो. खळगा पडत नाही. हे तूच पोरांना शिकवतोस. मी बाहेर बसून ऐकलंय."

धाकटा एकदा दादाकडे, एकदा ताईकडे बघत होता. तेवढ्यात काकूने ट्रे बाकावर आदळला. चारही कपांतला चहा बशांमध्ये आला.

"मी पाहिली होती ती खाच," काकू म्हणाली.

"तू गप्प बस," मास्तर म्हणाले.

"हेच! अगदी हेच म्हणाला होतात तेव्हाही. लग्न होऊन आले त्या वर्षी. कपाट झाडत होते. मी तुम्हाला म्हटलं, अहो, अण्णांची करंगळी तर चालत नाही, मग चौथी खाच कसली? तर तुम्ही म्हणालात, तू गप्प बस, पुन्हा हे कुणापुढे काढू नकोस. अडतीस वर्षं झाली त्याला. ही पोरगी तेव्हा जन्माला तरी आली होती का? आणि गेले चार दिवस मला सांगताय, पोरीने पट्टी नासवली, पोरीने पट्टी नासवली. आणि केर मला काढायला लावलात!"

धाकट्याने हळूच खुर्ची सरकवली. तो आतापर्यंत दादाच्या शेजारी बसला होता. आता तो टेबलाच्या अध्येमध्ये कुठेतरी होता. पक्ष बदलायचीही त्याची एक सावकाश पद्धत होती.

"कुणाची होती खाच?" त्याने विचारलं.

"तुझ्यामुळे पडली ती," आत्या म्हणाली.

"माझ्यामुळे?"

"आई-अण्णा दोघंही गिरणीत. मी तेरा वर्षांची, हा सात, आणि तू पाळण्यात. भोंगा वाजेपर्यंत दोघांना सांभाळायचं. तू म्हणजे असा भोकाड पसरायचास की शेजारचे भिंत बडवायचे. अण्णांची फिडल खुंटीवर असायची. मी आधीच दोन वर्षं चोरून वाजवत होते. तुला एकच चाल लागायची. संथ. शेवटच्या सुराशी करंगळी टेकवली की तुझे डोळे मिटायचे. मीच केली होती ती. तुला निजवायला." तिने मास्तरांकडे पाहिलं. "आणि हा टेबलाखाली बसून ऐकायचा. विचार त्याला."

मास्तरांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"एक दिवस अण्णा लवकर घरी आले. दाराबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. त्यांच्या बुटांचा आवाज मी ऐकला होता, म्हणून मी मुद्दाम नीट वाजवली. शनिवारी त्यांनी हॉलमध्ये तीच चाल वाजवली. दुप्पट वेगाने, नाचायला. करंगळी नव्हती म्हणून बोट घसरवलं. लोक वेडे झाले. घरी येऊन मला म्हणाले, 'आज सगळ्यांना फार आवडलं.' एवढंच. मी किती खूश झाले होते सांगू? आठवडाभर हवेत होते. मग दुसरी केली, तिसरी केली. एक्सचेंजमध्ये लागले तरी रात्रपाळी मागून घ्यायचे, दुपारच्या मोकळ्या मिळाव्या म्हणून. लग्न होऊन गेले तेव्हा नऊ चाली झाल्या होत्या. त्यानंतर अण्णांची एक तरी नवी चाल आली? कुणाला प्रश्न तरी पडला?"

नऊ. अण्णांच्या चाली नऊच होत्या. मास्तरांनी काढलेल्या पुस्तकात नऊच होत्या, प्रत्येकीखाली अण्णांचं नाव.

"तू का नाही बोललीस?" मास्तर उसळून उठले. शांतपणा कुठल्या कुठे गेला. "आज मला आरोपी करतेस! अण्णा जिवंत असताना बोलायचं होतंस! मी पुस्तक काढलं तेव्हा बोलायचं होतंस! तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास, ताई! मी मुलाचं कर्तव्य केलं. बापाचं नाव राखलं. त्यात माझं काय चुकलं? तीस वर्षं मी..." त्यांचा हात रबरबँडांच्या डब्याकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला.

"माझं चुकलंच," आत्या म्हणाली. "टाळ्या वाजवल्या मी. माझ्याच चालीला, दुसऱ्याच्या नावावर, पहिल्या रांगेत बसून. मला वाटायचं, घरातच आहे ना, माझं काय आणि अण्णांचं काय. आणि खरं सांगू? मला वाटायचं, लाकडाला तरी माहीत आहे. कुणी विचारलं नाही तरी ती खाच आहे तिथे. तेवढ्यावर मी पन्नास वर्षं काढली." तिचा आवाज आता खोलीभर झाला होता. "आणि तू ती माहीत असून तासलीस! चुकून नाही. माहीत असून! आणि आळ कुणावर घातलास, तर जिच्या बोटाला ती पहिल्यांदा सापडली त्या पोरीवर! लाज नाही वाटली?"

"ताई, अण्णा चोर नव्हते," मास्तर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"चोर नव्हतेच. चांगले होते. माझे वडील होते. पण 'ही माझ्या मुलीची चाल आहे' हे म्हणायला त्यांना किती वेळ लागला असता? हॉलच्या स्टेजवर, दोन चालींच्या मधे कधीही? मी त्यांच्यावर आजवर रागावले नव्हते. आज रागावलेय. माणूस गेल्यावर वीस वर्षांनी रागवायची पाळी माझ्यावर तुम्ही आणलीत."

धाकटा उठला. त्याने टेबलावरचा कागद उचलला, त्यावरची आपली सही पाहिली, आणि अगदी सावकाश, पुन्हा एकदा पक्ष बदलताना कुणाला दुखवू नये अशा बेताने, कागदाचे चार तुकडे केले. "मला निजवायला होती म्हणे," तो स्वतःशीच म्हणाला. "मी तर त्या चालीवर जन्मभर नाचलो."

"आणि या पाटीचं काय?" काकूने विचारलं.

"पाटी लावा की हॉलमध्ये," आत्या म्हणाली. "काचेची पेटी आहेच. पेटी रिकामी ठेवा आणि पाटी लावा. शोभेल."

काकू हसली. हसू नये तिथे हसली, आणि मग तिने ते लपवलंही नाही.

भिंगरी इतका वेळ एका जागी उभी होती. तिच्या जन्मात ती इतका वेळ एका जागी उभी राहिली नसेल. "आत्या," ती म्हणाली, "वाजवून दाखव ना."

आत्याने आपला डावा हात तिच्यापुढे धरला. सांधे सुजून करंगळी बाहेरच्या बाजूला वळली होती, आणि आता तीही अण्णांच्यासारखीच, वाकत नव्हती.

"तू वाजव. तुझ्या पद्धतीने. ते तळघरातलं."

भिंगरीने फिडल लावली, गज घेतला. संथ सुरुवात केली. इतकी संथ, की मास्तरांना डुलकी लागावी. पण मास्तर जागे होते, दोन्ही हात बाकावर टेकून भिंतीकडे तोंड करून उभे होते. चाल वर वर गेली आणि शेवटच्या सुराशी भिंगरीची करंगळी त्या गुळगुळीत पट्टीवर सपशेल चुकली. सूर बेसूर लागला. ती थांबली.

"सापडत नाही. मला ती सापडत नाही, आत्या. आठ दिवसांत मी कुठून आणू?"

आत्या उठली. पोरीच्या मागे जाऊन उभी राहिली, आपल्या वाकड्या हाताने तिची करंगळी धरली, केसभर पुढे सरकवली आणि तारेवर दाबली.

"इथे. खड्डा काय, पुन्हा पडेल. तू दाब."

भिंगरीने गज ओढला. सूर लागला. स्वच्छ, एकटा, कुठूनही न घसरलेला. तिने तो पुन्हा ओढला, मग आणखी एकदा, आणि मग तो न सोडता त्याच्याखाली पायाने ताल धरून तिचं ते तळघरातलं सुरू केलं. त्यातलं आत्याला अर्धं कळत नव्हतं, पण प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी ती पोर बरोबर त्या जागी येत होती. धाकटा डोळे मिटून बसला होता. पंखा फिरत होता, चहा निवत होता, आणि भिंतीकडे तोंड केलेल्या मास्तरांच्या डाव्या हाताची करंगळी बाकावर, अगदी योग्य वेळी, टेकत होती. त्यांचं त्यांना कळत असेल असं वाटत नव्हतं. आत्याने ते पाहिलं. तरी तिचा राग गेला नाही. जायला हवा असंही तिला वाटलं नाही.

वाजवणं संपलं. भिंगरीने फिडल पुसून पेटीत ठेवली. आत्याने स्वतः पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या आणि पेटी पोरीच्या हातात दिली.

मास्तर वळले नाहीत. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज टेबलाखाली बसलेल्या सात वर्षांच्या मुलाइतका लहान झाला होता.

"ताई, सोमवारी वर्ग आहे. अकरा पोरं येतील. मी त्यांना काय सांगू?"

आत्या दारापर्यंत पोचली होती. तिने बाकावरच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"सांगू काही नकोस. बोटांवरचे रबरबँड काढ."